दुखणेकऱ्यांचे ऊन आणि थंडी

अंगाच्या उष्णतेविषयी मराठी भाषेत जितके शब्द आहेत, तितके दुसऱ्या एखाद्या शारीरिक अवस्थेविषयी क्वचितच असतील. कणकण निराळी, कसर निराळी आणि फणफणून आलेला ताप निराळा. कुणाला नुसती शिरशिरी येते, तर कुणाला हुडहुडी भरते. हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, तळपायांची आग होते, अंगाची काहिली होते. मागच्या पिढीतील बायका पोराच्या कपाळाला हाताची पालथी बाजू लावून ‘कसर आहे हो, न्हाऊ घालू नका’ असा निर्णय क्षणात देत, आणि तो बहुधा बरोबर ठरे. याउलट थर्मामीटरला एकच भाषा येते, ती आकड्याची. आकडा ठीक दिसला की घरातील मंडळी निश्चिंत होतात आणि ‘ताप नाही, मग कुरकुर कसली?’ असे दुखणेकऱ्याला ऐकवले जाते. हे ऐकून घेणारी माणसे जवळजवळ प्रत्येक घरात एखाददुसरे असतात. कुणाला मधुमेह असतो, कुणाला थायरॉईडचा विकार, कुणाचे मूत्रपिंड अधू झालेले असते, तर कुणाचे मज्जातंतू. त्यांच्या थंडी-उन्हाच्या तक्रारी नखऱ्याच्या नसतात, हे वाचकांसमोर मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्वाल्हेरच्या लष्करात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना हा विषय अधिकच जवळचा आहे. आमच्या पूर्वजांनी दक्षिणेतून येताना पुरणपोळी आणली, गणपती आणले, मोडी दफ्तरे आणली. हवा मात्र बरोबर आणता आली नाही. येथे मे-जूनमध्ये पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो आणि जानेवारीत धुक्याच्या पहाटे चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. धडधाकट माणसाचीही जेथे परीक्षा होते, तेथे दुखणेकऱ्याची काय कथा!

निरोगी शरीर आपली उष्णता सांभाळते ते चार उपायांनी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे, तो या कारभाराचा मुख्य अधिकारी. उकाडा वाढला की तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतो, म्हणजे आतील उष्णता बाहेर पडते. तेवढ्याने भागले नाही तर घाम आणतो. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. घाम नुसता गळून पडला तर मात्र त्याचा काहीच उपयोग होत नाही. थंडी पडली की रक्तवाहिन्या आकुंचित होतात, आणि त्यानेही भागेना तर स्नायूंना कापरे भरवून उष्णता निर्माण केली जाते. चौथा उपाय सर्वांत साधा, आणि आमच्या मते सर्वांत थोर: उठून सावलीत जाणे, पांघरूण ओढणे, पाणी पिणे. जुनाट आजार या चारांपैकी कुठला ना कुठला उपाय निकामी करतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा तर चौथाच उपाय दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो, आणि ही पराधीनता आम्हांस सर्वांत कठीण वाटते.

आता त्या आकड्याविषयी थोडे. ३७ अंश सेल्सियस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट, ही निरोगी माणसाची उष्णता असे आपण शाळेत घोकतो. हा आकडा रूढ केला तो लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिख या जर्मन वैद्याने. सुमारे २५ हजार रुग्णांची उष्णता वारंवार मोजून १८६८ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळचा थर्मामीटर हातभर लांब असे आणि आकडा स्थिरावण्यास पंधरा-वीस मिनिटे घेई. खिशात मावणारा आखूड थर्मामीटर त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी प्रचारात आणला. पुढे १९९२ साली अमेरिकेतील संशोधकांनी १४८ निरोगी तरुण माणसांची उष्णता मोजली, तेव्हा सरासरी ९८.२ आली. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासाने तर, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्या तेथील पुरुषांहून आजचे पुरुष अर्ध्या अंश सेल्सियसहून थोडे अधिक थंड आहेत, असे दाखविले. शिवाय एकाच माणसाची उष्णता पहाटे सर्वांत कमी आणि दिवस कलताना सर्वांत जास्त असते. सारांश, सर्वांना लागू पडेल असा एकच एक आकडा अस्तित्वात नाही. प्रत्येकाचा नेहमीचा आकडा त्याचा त्यालाच ठाऊक असावा लागतो.

हे माहीत नसण्याचे परिणाम किती गंभीर होतात, याचे एक उदाहरण आमच्या आळीतच घडले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, वय ऐंशीच्या पुढे, मधुमेह जुना. हिवाळ्यात एके दिवशी ते जेवेनात, मग असंबद्ध बोलू लागले. मुलाने ताप पाहिला, ९८.८ भरला. ‘ताप नाही, वयामुळे होते असे’ असे म्हणून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी धाप लागली तेव्हा रुग्णालयात नेले, तर फुप्फुसांना दोन्ही बाजूंनी सूज. बारा दिवसांनी ते घरी आले ते काठी टेकत. नंतर चौकशी करता कळले की त्यांची नेहमीची उष्णता ९६.५ च्या आसपासच असते. म्हणजे ९८.८ हा त्यांच्यापुरता चांगलाच ताप होता! उतारवयात मुळातली उष्णता कमी असते आणि जंतूंशी लढतानाही ती फारशी चढत नाही. नेहमीच्या आकड्याहून दोन अंश फॅरनहाइटने वर गेलेला आकडा म्हातारपणी तापच समजावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असणाऱ्यांचा ताप तर औषधच झाकून टाकते. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांची प्रकृती बरी असताना चार-सहा दिवस सकाळ-संध्याकाळ उष्णता मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. दुधाचा हिशेब आपण लिहितोच की!

थायरॉईडची कथा निराळी आणि पुष्कळशी सुखान्त. गळ्यातील ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी म्हणजे शरीराच्या चुलीचा भाता. भाता मंदावला की सारेच मंदावते: त्वचा कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, वजन वाढते, शौचास साफ होत नाही, आणि थंडी वाजते. आमच्या ओळखीच्या एका वहिनी चैत्रात अंगावर शाल घेऊन हळदीकुंकवाला येत. बायका हसत, आणि घरी सासूबाई म्हणत, ‘पंख्याखाली बसायला नको, म्हणजे स्वयंपाकघराबाहेर यायलाही नको!’ पुढे रक्त तपासल्यावर कारण सापडले. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीकशी गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत शाल ट्रंकेत गेली. ही गोळी घेतल्यावर अर्धा-पाऊण तास चहा घेऊ नये, आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात, हे मात्र पाळावे लागते. नाहीतर गोळी पोटात जाऊनही अंगी लागत नाही. या विकारावर १८९१ साली इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका ४६ वर्षांच्या स्त्रीला प्रथम टोचला. ती बाई त्यानंतर २८ वर्षे जगली. वैद्यकाच्या इतिहासात इतके निर्भेळ यश विरळाच. भाता उलट वाजवीपेक्षा जास्त चालला तर माणसाला पौषातही उकडते, छाती धडधडते, हात कापतात, भरपूर जेवूनही वजन उतरते. त्यावरही उपचार आहेत. पण या दोन्ही दुखण्यांत प्रथम घरच्यांनी तक्रार खरी मानावी लागते, आणि तेथेच वर्ष-दोन वर्षे निघून जातात.

स्त्रियांच्या थंडी वाजण्याचे दुसरे कारण रक्ताची उणीव. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. ज्यांच्या हातचे गरमागरम जेवण आपण जेवतो, त्यांचेच हात गार!

मधुमेहाविषयी मात्र सविस्तर लिहावयास हवे, कारण तो आता घरोघरी आहे आणि त्याचे उष्णतेशी असलेले वैर फारसे कुणी सांगत नाही. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की बारीक मज्जातंतू झिजतात. त्यांतच घामाच्या ग्रंथींना हुकूम देणारे तंतूही असतात. मग पायांना घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडून भेगाळते, आणि जणू भरपाई म्हणून छाती, मान, चेहरा घामाने निथळतात. काहींना तर जेवताना पहिल्या घासालाच कपाळावर घाम फुटतो. पानात ठेचा नसतानाही! अशा माणसाला उन्हाळा लवकर बाधतो, कारण अर्ध्या शरीराचा घामाचा मार्गच बंद झालेला असतो.

दुसरी गोष्ट बधिर पायांची. पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी शेकास घ्यावी, तर ती किती गरम आहे हे पायाला कळतच नाही. सकाळी उठून पाहावे तो टाचेवर फोड. अशा फोडातून चिघळलेली जखम पुढे बोट किंवा पाऊल घालवू शकते. म्हणून पाय बधिर झालेल्यांनी पिशवी, शेगडी, विजेची गादी यांच्या वाटेस जाऊच नये. लोकरी मोजे पुरे. न्हाणीघरातले पाणी पायाने नव्हे, कोपराने किंवा दुसऱ्या कुणाच्या हाताने पाहावे. वैशाखातील दुपारी देवळाच्या तापल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्या मधुमेही भाविकांना आमची हात जोडून विनंती आहे की प्रदक्षिणा पहाटे घालाव्यात. त्या वेळी फरशीही थंड असते आणि देवही गर्दीत नसतो.

साखर एकाएकी उतरली तर अंग गार पडून घाम सुटतो. उन्हाळ्यात या घामाला उकाड्याचा घाम समजून माणूस पंख्याखाली निजून राहतो, आणि येथेच धोका असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या साखर उतरताना होणारी धडधड आणि थरथर दाबून टाकतात, घाम मात्र दाबत नाहीत. तेव्हा अशा रुग्णाला घाम हाच एक इशारा उरतो. कारण नसताना गार घाम आला तर आधी साखर तपासावी. तपासण्याची सोय नसेल तर साखर-पाणी घ्यावे. इन्सुलिनलाही ऊन सोसत नाही. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवतात, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ज्यांच्याकडे फ्रिज नाही किंवा वीज तासन्‌तास जाते, त्यांनी बाटली घट्ट बंद डब्यात घालून तो पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवावा. आपल्या माठाची ही विद्या डॉक्टरमंडळींनीही मान्य केलेली आहे.

आता थोडे आमच्या शाळेविषयी. गणिताचे एक शिक्षक आमच्याकडे बदलून आले. वय पस्तिशीचे, शिकवणे उत्तम. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा विकार आहे. यात मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतूंवरचे आवरण जागोजाग झिजते. विजेच्या तारेवरचे रबर निघावे तसे. अशा तंतूंतून संदेश कसाबसा जात असतो, आणि शरीराची उष्णता अर्ध्या अंशाने वाढली तरी तो अडखळतो. हे सरसकट थंड वाजण्या-उकडण्याचे प्रकरण नव्हे. दुपारी बाराच्या सुमारास त्यांना फळ्यावरची स्वतःचीच अक्षरे पुसट दिसू लागत, पाय जड होत आणि जीभ अडखळे. सावलीत तासभर बसून गार पाणी प्याले की सारे पूर्ववत! जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० साली हा चमत्कार प्रथम नोंदवला. त्यांच्या रुग्णांची नजर श्रम केल्यावर मंदावे; उष्णता हे त्याचे खरे कारण पुढे ध्यानात आले. एके काळी या रोगाचे निदान करण्यासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून पाहत, इतके हे लक्षण खात्रीचे.

परंतु हे सकाळी ठणठणीत आणि दुपारी लटपटणारे रूप पाहणाऱ्याला ढोंगासारखे दिसते. या मास्तरांनी पूर्वीच्या एका ठिकाणी सकाळच्या तासांसाठी अर्ज केला, तेव्हा ‘उन्हाळा सगळ्यांनाच असतो’ असा शेरा मिळाला. अर्जाची ती प्रत त्यांनी जपून ठेवली आहे; आम्ही ती पाहिली. त्यांच्या विकाराची माहिती करून घेतल्यावर आम्ही वेळापत्रक पुन्हा मांडले. पहिले तीन तास त्यांचे, वर्ग उत्तरेकडचा, तळमजल्यावरचा. दुपारनंतर वह्या तपासणे आणि हजेरीपटाचे काम, कूलरजवळच्या टेबलावर. दोन सहकाऱ्यांनी प्रथम कुरबुर केली, कारण सकाळचे तास सर्वांनाच हवे असतात. ती अजून पूर्ण थांबलेली नाही. पण दहावीच्या मुलांना गणित शिकवणारा माणूस जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत एक दिवसही गैरहजर राहिला नाही, हे हजेरीपटात आहे. घरी ते शाळेला निघण्यापूर्वी गार पाण्याने आंघोळ करतात, मानेला ओला पंचा गुंडाळतात आणि बाटलीत बर्फ घेतात. उष्णतेने आलेली ही लक्षणे गारव्याने ओसरतात आणि तंतूंची नवी झीज त्यांतून होत नाही, असे त्यांचे डॉक्टर सांगतात. मात्र एखादे नवे लक्षण चोवीस तास टिकून राहिले तर तो रोगाचा नवा झटका समजून तपासून घ्यावे लागते.

मूत्रपिंडाच्या रुग्णांचे दुःख उलट बाजूचे. डायालिसिसला जाणारी माणसे भर ज्येष्ठात पिशवीत ब्लँकेट नेतात. त्यांची उष्णता मुळात थोडी कमी, त्यात यंत्रातून फिरणारे द्रव कधी कधी मुद्दाम थंड राखलेले असते, कारण त्याने रक्तदाब सांभाळला जातो. ही थंडी सोसावी. पण दात वाजण्याइतकी हुडहुडी भरली आणि ताप आला तर तत्काळ तेथील परिचारिकेस सांगावे, कारण ते रक्तात जंतू शिरल्याचे लक्षण असू शकते.

या रुग्णांना आणि हृदय दुबळे झालेल्यांना उन्हाळ्यात सर्वांकडून एकच सल्ला मिळतो: ‘भरपूर पाणी प्या.’ सल्ला देणारे प्रेमानेच देतात. पण ज्यांचे पाणी डॉक्टरांनी मोजून दिलेले आहे, त्यांच्या फुप्फुसांत तेच पाणी साचू शकते. उलट लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचे पाणी उन्हाळ्यात फार आटते, आणि मनाच्या विकारावर लिथियम घेणाऱ्यांच्या रक्तात त्या औषधाचे प्रमाण धोक्याचे होऊ शकते. कंपवातावरच्या आणि मूत्राशयाच्या काही गोळ्या घामच रोखतात. तेव्हा होळी झाली की औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ‘उन्हाळ्यात पाणी किती, गोळ्या किती?’ एवढे विचारावे. आपल्या मनाने गोळ्या कमी करू नयेत.

लष्करातील जुन्या वाड्यांत दारा-खिडक्यांना वाळ्याचे ताटे लावून त्यांवर पाणी शिंपडीत. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि आत गारवा येतो; आजचा कूलर हे त्याच ताट्याचे विजेवर चालणारे अपत्य. श्रावणात मात्र हवाच ओली असल्याने त्याचा उपयोग होत नाही. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंगावर झळाच मारतो. दुखणेकऱ्याचे अंग ओल्या कापडाने वरचेवर पुसून मग पंखा लावावा. ज्यांना घाम येत नाही, त्यांच्यासाठी हा उसना घामच होय. आणि उन्हाच्या तडाख्याने माणूस बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तापाची गोळी देत बसू नये. तापात मेंदूनेच उष्णतेची पातळी वर सरकवलेली असते म्हणून गोळी लागू पडते. उष्माघातात सारी यंत्रणाच कोलमडलेली असते. तेथे सावली, अंगावर भरपूर पाणी, वारा आणि रुग्णालय, याच क्रमाने आणि विलंब न लावता.

हिवाळ्याविषयी एवढेच, की म्हाताऱ्या दुखणेकऱ्याच्या खोलीत दारे-खिडक्या लावून कोळशाची सिगडी ठेवून निजण्याची आमच्याकडील चाल प्राणघातक आहे. कोळशाच्या धुराबरोबर वास नसलेला विषारी वायू निघतो आणि झोपेतच माणूस जातो. दोन पातळ कपडे एका जाड कपड्याहून अधिक ऊब देतात. डोके आणि कान झाकावेत, रात्री पायांत मोजे असावेत. आणि वृद्ध माणूस थंडीत कापेनासा झाला, सुस्त पडला, पोटाला हात लावला तर तेही गार लागले, तर त्याला थंडी सोसली असे समजू नये. तेथे पांघरूण घालून, वाट न पाहता, डॉक्टरला बोलवावे.